कल्याणला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला का नेली जात?

गायमुखकर (ठाणे)

नमस्कार. मी घोडबंदर रस्त्यावर राहतो आणि रोज सकाळी गायमुखच्या खाडीकाठी फिरायला जातो. समोर उल्हास नदीची रुंद खाडी आणि पलीकडे कामणदुर्गाचा डोंगर असतो. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी काशेलीच्या, कल्याणच्या दिशेने आत चढताना डोळ्यांना स्पष्ट दिसते. इतकी वर्षे मी या पाण्याकडे केवळ पाणी म्हणून पाहत होतो. गेल्या महिन्यात ग्रंथालयात 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' या ग्रंथाचे भाषांतर वाचायला मिळाले आणि त्यातल्या एका वाक्याने माझी झोप उडवली आहे.

ज्यांनी हा ग्रंथ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला, इजिप्तमध्ये राहणाऱ्या आणि ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने तांबडा समुद्र, अरबस्तान, आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि हिंदुस्थानचा पश्चिम किनारा यांची माहिती ६६ छोट्या परिच्छेदांत नोंदवून ठेवली. त्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही. कोणत्या बंदरात काय विकते, काय विकत घ्यावे, कुठे खडक आहेत, कुठला राजा कसा आहे, एवढेच तो सांगतो. वर्णनाच्या फुलोऱ्यात तो शिरत नाही आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो.

बावन्नाव्या परिच्छेदात तो बारिगाझाच्या, म्हणजे भडोचच्या, दक्षिणेकडची बंदरे क्रमाने सांगताना सुप्पारा (आपले सोपारा) आणि कल्लिएना (आपले कल्याण) यांची नावे घेतो. पुढे तो म्हणतो की थोरल्या सारगानोसच्या काळात कल्याण हे कायदेशीर व्यापारपेठ होते, परंतु सांदानेसने ते ताब्यात घेतल्यापासून तिथल्या व्यापाराला फार अडथळा आला आहे आणि योगायोगाने तिथे पोचलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात.

बस, एवढेच. यानंतर तो सरळ चौलकडे वळतो. माझे प्रश्न असे आहेत की हा सारगानोस कोण आणि सांदानेस कोण. आणि ज्याच्या हातात बंदर आहे त्याने स्वतःच्याच दारात आलेले गिऱ्हाईक दुसऱ्याच्या बंदरात का पाठवावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे, त्यामुळे मूळ पुरावा कुठे आहे हेही सांगितलेत तर माझ्यावर उपकार होतील.

शिलालेखवाचक (वाशी)

गायमुखकर, आपण विचारलेले वाक्य आपल्या भागाच्या प्राचीन इतिहासातले सर्वात मोलाचे वाक्य आहे असे मला मनापासून वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सारगानोस म्हणजे सातकर्णी, यावर बहुतेकांचे एकमत आहे. ग्रीक कानाला 'सातकर्णी' किंवा प्राकृतातले त्याचे घासलेले रूप जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले. 'थोरला' असे विशेषण लावल्यामुळे लिहिणाऱ्याच्या काळात त्याच नावाचा धाकटाही कोणी होता किंवा होऊन गेला होता, हेही कळते. म्हणजे कल्याण हे मुळात सातवाहनांचे बंदर होते. त्यांची राजधानी पैठण, आणि पैठणच्या मालाला समुद्राकडे उतरण्याची जवळची वाट जुन्नर, नाणेघाट आणि कल्याण अशी होती.

आता दुसरी सत्ता. पेरिप्लसमध्ये भडोचच्या प्रदेशाचा राजा म्हणून 'मान्बानोस' असे नाव येते. हा क्षहरात वंशातला क्षत्रप (शकांचा प्रांताधिपती) नहपान होय, असे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुचवले गेले आणि आज ते सर्वत्र मान्य आहे. हस्तलिखितात एका अक्षराची गफलत झाली, एवढाच त्याचा अर्थ. याच ग्रंथात अरबस्तानच्या वायव्येकडच्या नबाती लोकांचा राजा मालिखस याचाही उल्लेख आहे आणि तो इसवी सन ४० ते ७० या काळात राज्य करत होता. त्यामुळे नहपानाचा काळही त्याच सुमारास येतो. पूर्वी नहपानाच्या लेखांतली ४१ ते ४६ ही वर्षे शक संवताची मानून त्याला इसवी सन ११९ ते १२४ मध्ये बसवत असत. पेरिप्लसच्या त्या एका परिच्छेदामुळे ही जुनी मांडणी अनेकांना सोडावी लागली.

आपल्याला मूळ पुरावा पाहायचा असेल तर नाशिकच्या पांडवलेण्यांतले दहावे लेणे पाहा. नहपानाचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, याने तिथे आपल्या दानांची यादी कोरून ठेवली आहे. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि डाहाणुका या नद्यांवर त्याने फुकट होड्यांची सोय केली आणि दोन्ही तीरांवर धर्मशाळा आणि पाणपोया बांधल्या. डाहाणुका म्हणजे आपले डहाणू. शूर्पारकाच्या, म्हणजे सोपाऱ्याच्या, संन्याशांसह चार ठिकाणच्या मंडळींना त्याने नानंगोल गावातली ३२,००० नारळाची झाडे दिली. नाशिकजवळच्या गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, त्याने २,००० काहापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले आणि आणखी १,००० काहापण शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले. आपण बँकेत होतात, त्यामुळे हा तपशील आपल्याला विशेष रुचेल.

या यादीत राजकारण दडलेले आहे. डहाणूच्या नदीवर होड्या ठेवणारा आणि सोपाऱ्यात दान देणारा माणूस तिथला सत्ताधीश असल्याखेरीज हे करू शकत नाही. नकाशा उघडून सोपारा आणि वसईच्या खाडीचे तोंड पाहा. पश्चिमेकडून येणारे जहाज कल्याणला जाताना याच तोंडातून आत शिरते आणि आपण रोज पाहता त्या गायमुखवरून पुढे जाते. सोपारा ज्याच्या हातात, त्याच्या हातात कल्याणच्या दाराची कडी. कल्याण गावात त्याचा एकही शिपाई नसला तरी चालेल.

सांदानेसबद्दल मात्र तीन मते आहेत. पुराणांच्या यादीत सुंदर सातकर्णी असे नाव येते, त्यावरून काहींनी तो सातवाहनांचाच एक दुबळा राजा मानला. दुसरे मत असे की तो नहपानाचा मांडलिक होता. सिल्व्हाँ लेव्ही या फ्रेंच पंडिताने तिसरेच सुचवले होते, की हा 'चंदन' या कुषाणांच्या बिरुदाचा अपभ्रंश आहे. हे तिसरे मत मला ओढूनताणून आणलेले वाटते. पहिल्या दोहोंतले कुठले धरायचे, यावर आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे.

घाटवाट (कळवा)

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी त्यात एक गोष्ट जोडू इच्छितो, जी मला स्वतःला फार उशिरा उमगली. बावन्नावा परिच्छेद एकटा वाचू नये; त्याच्या आधीचा एक्कावन्नावा त्याला जोडून वाचावा.

एक्कावन्नाव्यात लेखक दक्षिणापथातल्या दोन मोठ्या पेठा सांगतो. पैठण, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या अंतरावर. आणि तगर, म्हणजे धाराशिवजवळचे तेर, तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून साधे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, जिथे धड रस्ताही नाही अशा मुलखातून भडोचला आणतात, असे तो लिहितो.

आता आपण पैठणच्या गाडीवानाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पैठणहून नेवासे, जुन्नर करत नाणेघाटाच्या माथ्यावर यावे, तिथे माल बैलांच्या पाठीवर लादून खाली वैशाखऱ्याला उतरावे आणि मुरबाडवरून कल्याणची खाडी गाठावी, ही वाट समोर मोकळी आहे. डोंगर एकदाच उतरायचा आहे. असे असताना हा माणूस वीस दिवस उत्तरेकडे, वाटेत तापी आणि नर्मदेच्या मुलखातल्या नद्यानाले ओलांडत, रस्ता नसलेल्या रानातून बैल हाकत का चालला आहे? कोणताही व्यापारी आपखुशीने असे करत नाही. कल्याणची वाट बंद होती याचा माझ्या मते सर्वात मोठा पुरावा त्या जहाजांच्या वाक्यात नसून या बैलगाड्यांच्या वाक्यात आहे. लेखकाला त्या दोन गोष्टींचा संबंध सांगावासा वाटला नाही, कारण त्याला भडोचच्या धक्क्यावर माल मिळत होता आणि त्याचे काम होत होते.

नाणेघाटात मी अनेकदा गेलो आहे. चढणीवरच्या दगडी पायऱ्या शेकडो वर्षांच्या पायांनी आणि खुरांनी झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. पावसाळ्यानंतर त्यांच्यावरून पाणी झिरपत असते, तेव्हा हात टेकूनच चढावे लागते. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख भिंतीवर आहे, त्यात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि नाण्यांचे आकडे कोरलेले आहेत. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज त्यांच्या पायांच्या खुणा आणि वरची नावे तेवढी शिल्लक आहेत. 'राया सिमुक सातवाहन' हे नाव तिथेच वाचता येते. खिंडीतून बाहेर पडताच एक मोठा दगडी रांजण आहे आणि जकातीची नाणी त्यात टाकत असत असे परिसरातले लोक सांगतात. ते खरे असो वा नसो, एखादे राजघराणे आपले पुतळे आणि यज्ञांची यादी एका आडबाजूच्या डोंगरात का कोरील? रोज शेकडो तांडे तिथून जात असले तरच त्याला अर्थ आहे. नाणेघाट ही त्या काळची नाक्यावरची पाटी होती.

पहाऱ्याबद्दल एक खुलासा करतो. चव्वेचाळिसाव्या परिच्छेदात लेखक सांगतो की खंबायतच्या आखातात शिरणे फार अवघड असल्यामुळे राजाच्या नोकरीतले कोळी त्रप्पगा आणि कोतुंबा नावाच्या मोठ्या, भरपूर वल्ह्यांच्या नावा घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे येतात आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत भडोचला आणतात. तिथली भरती इतकी भयंकर असते की पाणी गर्जना करत येते आणि उभे जहाज आडवे करते, असे वर्णन पुढे आहेच. म्हणजे नहपानापाशी किनाऱ्यावर फिरणाऱ्या सरकारी नावा आणि ती हाकणारी मुरलेली माणसे होती. उत्तरेला त्यांचे काम वाट दाखवण्याचे होते. दक्षिणेला, सोपाऱ्याच्या समोर, याच नावांनी जहाजे अडवून वळवली असतील तर त्यात नवल नाही. आधुनिक भाषेत याला नाकेबंदी म्हणतात.

गायमुखकर (ठाणे)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बैलगाड्यांचा मुद्दा वाचून मी पुस्तक पुन्हा उघडले आणि तो परिच्छेद चार वेळा वाचला. परंतु एक शंका राहते. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यात नहपानाचा अमात्य अयम याचा ४६व्या वर्षाचा लेख आहे असे वाचले. तसे असेल तर नाणेघाटाचा माथाही नहपानाकडेच होता. मग सोपाराही त्याचे, जुन्नरही त्याचे, आणि कल्याणही त्याच्याच माणसाकडे असेल, तर स्वतःच्याच बंदराला तो अडथळा का आणील? कल्याण चालू ठेवून तिथली जकात त्याला घेता आली असती.

शिलालेखवाचक (वाशी)

शंका अगदी योग्य आहे, आणि माझ्या मते तिचे उत्तर 'कायदेशीर व्यापारपेठ' या शब्दांत आहे. मूळ ग्रीकमध्ये 'एम्पोरिओन एन्थेस्मोन' असे शब्द आहेत. पेरिप्लसचा लेखक प्रत्येक बंदराला हे विशेषण लावत नाही. जिथे परदेशी व्यापाऱ्याने नियमानुसार माल उतरवावा, ठरलेली जकात भरावी आणि त्याला सरकारचे संरक्षण मिळावे, अशा मोजक्या ठिकाणांसाठी तो हे शब्द राखून ठेवतो. थोरल्या सातकर्णीच्या काळी कल्याणला हा दर्जा होता आणि नंतर तो काढून घेतला गेला.

दर्जा काढून घेण्याचे कारण असे दिसते की नहपानाची सारी घडी भडोचभोवती बसलेली होती. एकोणपन्नासाव्या परिच्छेदात तिथे काय काय येते याची यादी आहे. इटलीची दारू, लाओदिकेया आणि अरबस्तानची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, आणि सोन्याचांदीची नाणी, जी स्थानिक नाण्यांत बदलून घेताना नफा होत असे. राजासाठी वेगळी भेट आणली जाई. चांदीची किमती भांडी, गाणारी मुले, जनान्यासाठी सुंदर मुली, उत्तम दारू आणि तलम कपडे. जुन्नर आणि कल्याण ही नुकतीच जिंकलेली, सीमेवरची ठाणी होती. परदेशी नाणे सीमेवरच्या बंदरात उतरू दिले तर ते घाटावरच्या शत्रूकडे किती झिरपेल याचा नेम नाही. एकाच तोंडाने सगळा व्यापार घेतला की मोजणीही सोपी आणि राखणही सोपी. म्हणून मी सांदानेसला नहपानाच्या बाजूचा मानतो. त्याने बंदर घेतले ते चालवण्यासाठी घेतले नव्हते. सातवाहनांचा श्वास कोंडण्यासाठी घेतले होते.

घाटवाट (कळवा)

इथे मी आदरपूर्वक असहमती नोंदवतो. सुमारे शंभर वर्षांनी टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराने आपल्या भूगोलात सोपारा आणि चौलचा हा किनारा 'सादिनांची आरियाके' म्हणून नोंदवला आहे, आणि पैठण ही सिरी पुळुमावीची राजधानी असल्याचे तोच सांगतो. 'सादिन' आणि 'सांदानेस' ही नावे इतकी जवळची आहेत की तो इथल्याच किनाऱ्यावरचा स्थानिक सत्ताधीश असावा, असे मला वाटते. दोन बलाढ्य सत्तांच्या मध्ये सापडलेला छोटा राजा कधी या बाजूला झुकतो, कधी त्या बाजूला. बंदर त्याच्या हातात आणि समुद्र नहपानाच्या हातात, अशी स्थिती असेल तर लेखकाचे वाक्य तंतोतंत जुळते, कारण जहाजे कोण नेत असे हे तो सांगतच नाही.

जुनी नाणी (नेरूळ)

चर्चा वाचून राहवले नाही. या नाकेबंदीचा शेवट कसा झाला ते नाण्यांत लिहिलेले आहे, म्हणून तेवढेच सांगतो.

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी गावात १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सगळी नाणी नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीत 'रञो क्षहरातस नहपानस'. यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. एका बाजूला तीन कमानींचा चैत्य, दुसऱ्या बाजूला चार गोलांचे उज्जैन चिन्ह.

असे एक नाणे मी एका संग्राहकाकडे तळहातावर घेऊन पाहिले आहे. आपल्या जुन्या चार आण्याहूनही लहान. उजेडात थोडे तिरके धरले की चैत्याच्या कमानीखालून नहपानाचे नाक आणि हनुवटी वर येतात, आणि कडेला ग्रीक अक्षरांचे तुकडे दिसतात. ठसा मारणाऱ्याने जुना चेहरा पुरता पुसण्याचा त्रास घेतलेला नाही. नाणे वितळवून नवे पाडण्यापेक्षा हे स्वस्त होते हे खरे, परंतु बाजारात हजारो हातांतून फिरणाऱ्या त्या चांदीने राज्य बदलल्याची बातमी कोणत्याही दवंडीपेक्षा पक्की पोचवली असणार.

नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राचा १८व्या वर्षाचा लेख आहे. विजयी सैन्याच्या छावणीतून तो गोवर्धनच्या अमात्याला कळवतो की पूर्वी उषवदाताच्या भोगवट्यात असलेले २०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत आता भिक्षूंना द्यावे. लढाईचे वर्णन त्यात नाही, सातबारा बदलल्याची नोंद तेवढी आहे. पुढे त्याची आई गौतमी बलश्री हिने त्याच लेण्यात नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षी जो लेख कोरवला, त्यात मात्र तिने मुलाला 'क्षहरात वंश निःशेष करणारा' आणि 'ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले' असे म्हटले आहे. त्या तीन समुद्रांतला एक आपल्या खाडीच्या तोंडाशी आहे.

हेरगिरीचा धागाही इथे आहे. जैनांच्या आवश्यक निर्युक्तीच्या परंपरेत एक कथा येते. भरुकच्छाचा, म्हणजे भडोचचा, नहवाहन (आपला नहपान) राजा खजिन्याने श्रीमंत होता आणि पैठणचा सालवाहन (सातवाहन) सैन्याने श्रीमंत होता. सालवाहन दरवर्षी भरुकच्छाला वेढा घाली, आणि नहवाहन शत्रूचे सैनिक मारणाऱ्यांना इतके मोठे इनाम देई की वेढा टिकत नसे. शेवटी सालवाहनाने आपल्या मंत्र्याला अपमान करून हाकलून दिल्याचे नाटक केले. तो मंत्री भरुकच्छाला गेला, हळूहळू नहवाहनाचा विश्वास मिळवून त्याचाच मंत्री झाला, आणि पुण्य मिळवण्याच्या नावाखाली देवळे, तलाव, दाने यांवर राजाला खर्च करायला लावू लागला. खजिना रिता झाला तेव्हा त्याने पैठणला निरोप धाडला. त्या वर्षी वेढा पडला तेव्हा इनाम द्यायला पैसा उरला नव्हता आणि शहर पडले.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या तेराव्या अधिकरणात नेमकी हीच युक्ती दिलेली आहे. विश्वासातल्या श्रेणीप्रमुखाला उघडपणे हद्दपार करावे, त्याने शत्रूच्या आश्रयाला जावे आणि आतून काम करावे. व्यापाऱ्याच्या, संन्याशाच्या आणि विद्यार्थ्याच्या वेशातल्या हेरांसाठी स्वतंत्र नावेही त्या ग्रंथात आहेत. आता पहिल्या प्रतिसादातली उषवदाताच्या दानांची यादी पुन्हा वाचा. होड्या, धर्मशाळा, पाणपोया, ३२,००० नारळाची झाडे, हजारो काहापणांच्या ठेवी, आणि त्याखेरीज देव-ब्राह्मणांना ७०,००० काहापण, म्हणजे लेखातच दिलेल्या ३५ काहापणांना एक सुवर्ण या भावाने २,००० सुवर्ण. कथेतला दान करत सुटलेला राजवंश आणि शिलालेखातला दान करत सुटलेला राजवंश यांचे इतके साम्य पाहून मी पहिल्यांदा वाचले तेव्हा अंगावर काटा आला होता.

शिलालेखवाचक (वाशी)

कथा सुंदर आहे, परंतु तिच्यावर किती भार टाकायचा याचे भान ठेवावे अशी विनंती. ती घटनेनंतर काही शतकांनी लिहिली गेली आहे, आणि तिच्यातला मंत्री अगदी शास्त्राबरहुकूम वागतो, हेच तिच्याविषयी सावध करणारे आहे. दाने त्या काळी सर्वच राजे देत असत. सातवाहनांचेही लेख दानांनीच भरलेले आहेत. नहपानाचा खजिना रिकामा नव्हता, याचा पुरावा तर जोगळटेंभीची नाणीच देतात. मला त्या कथेतले एवढेच विश्वसनीय वाटते की पैठण आणि भडोच यांच्यातली स्पर्धा ही मुळात खजिन्याची स्पर्धा होती, हे लोकांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिले. तेही कमी नाही.

गायमुखकर, आपण पुराव्याचे ठिकाण विचारले होते. नाशिक दूर पडत असेल तर येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरी आहे. तिथल्या लेखांत कल्याणचे सोनार, लोहार आणि व्यापारी दाते म्हणून वारंवार भेटतात. यांतले बरेच लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले आहेत, म्हणजे नहपान गेल्यानंतर कल्याणच्या बाजारात पुन्हा पैसा खेळू लागला होता. आणि पाचव्या लेण्याजवळच्या पाण्याच्या टाक्यावरचा संस्कृत लेख चुकवू नका. वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा त्यात उल्लेख आहे आणि ती महाक्षत्रप रुद्रदामनाची मुलगी असल्याचे त्या तुटक अक्षरांवरून मानले जाते. क्षत्रपांच्या दुसऱ्या घराण्याशी सातवाहनांनी सोयरीक केली होती. त्याच रुद्रदामनाने १५०च्या सुमारास जुनागडच्या खडकावर लिहून ठेवले की दक्षिणापथपती सातकर्णीला आपण दोनदा हरवले, परंतु जवळचा नातेवाईक असल्यामुळे त्याचा नाश केला नाही.

घाटवाट (कळवा)

कल्याणच्या पुढच्या काळाबद्दल एवढेच जोडतो की सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ग्रीक लेखक 'कल्लियाना' हे मोठे बंदर असल्याचे आणि तिथे इराणहून नेमलेला ख्रिस्ती बिशप राहत असल्याचे नोंदवतो. बहुतेक अभ्यासक हे आपलेच कल्याण मानतात. दुसरी गोष्ट, घारापुरी बेटावर भूमध्य सागराकडच्या दारूच्या सुरयांची खापरे सापडली आहेत. नेरूळ, बेलापूरच्या मंडळींना ते बेट समोर आहे. म्हणजे परदेशी माल दक्षिणेकडच्या, ठाण्याच्या खाडीच्या तोंडाशीही येत होता. वसईच्या तोंडावर पहारा असताना कोणी तांडेल मुंबई बंदराला वळसा घालून दुसऱ्या तोंडाने आत शिरण्याचा प्रयत्न करत असेल का, हा प्रश्न मला कळव्याच्या पुलावरून जाताना नेहमी पडतो.

गायमुखकर (ठाणे)

आपण सर्वांनी जो वेळ दिलात त्याबद्दल मी अत्यंत ऋणी आहे. रविवारी पत्नीला घेऊन कान्हेरीला जाऊन आलो. पाचव्या लेण्याजवळचे टाके सापडायला थोडा वेळ लागला. त्याच्या वरच्या बाजूला तो लेख आहे. अक्षरे बरीच झिजलेली आहेत आणि डावीकडचा काही भाग तुटलेला आहे. मला ब्राह्मी येत नाही, त्यामुळे आपण लिहिलेले मी मोबाईलवर उघडून शेजारी धरले आणि दोघे बराच वेळ तिथे उभे राहिलो. टाक्यात अजूनही पाणी आहे. पत्नीने विचारले की ही मुलगी लग्न होऊन आली तेव्हा कुठल्या वाटेने आली असेल, भडोचहून जहाजाने की घाटाने. मला उत्तर देता आले नाही. उतरताना मी तिला पैठणच्या बैलगाड्यांची गोष्ट सांगितली.

पुढच्या महिन्यात नाणेघाटाला जायचे ठरवले आहे. घाटवाट, मुरबाडकडून वैशाखऱ्याहून चढावे की जुन्नरकडून गाडीने माथ्यावर जावे, हे माझे वय ६३ लक्षात घेऊन कृपया सांगावे.